हॅम्बुर्गची तार तुलूझला पुरेना

२००६ साल. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात एअरबसच्या 'ए-३८०' या दुमजली विमानाची जोडणी चालू होती. विमानाच्या धडाचे काही भाग जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून यायचे, आणि त्यांच्याबरोबर तारांचे जुडगेही. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा. ठरलेल्या वाटेने त्या ओढायच्या आणि टोकं जोडायची, एवढंच काम तुलूझला उरलं होतं. पण टोकं पोचेनात. कुठे तार वळणावर अडायची, कुठे थोडक्यासाठी कमी पडायची. कामगार ती उपसून काढायचे आणि पुन्हा घालून बघायचे.

तार कापणाऱ्यांनी मापात कुचराई केली नव्हती. हॅम्बुर्गचे अभियंते 'कॅटिया' या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूझचे पाचवी. नाव एकच, पण एकीतलं डिझाइन दुसरीत जसंच्या तसं उतरत नसे. एका बाजूने केलेले बदल दुसरीकडे पुरते पोचत नव्हते. विमान जवळपास दोन वर्षं रखडलं. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. २०१० पर्यंतच्या नफ्याला सुमारे ४.८ अब्ज युरोंची खोट बसेल, असं एअरबसच्या मालक कंपनीनेच जाहीर केलं.

असा घोळ होऊ नये म्हणून कारखानदार जे सॉफ्टवेअर घेतात, त्याला 'पीएलएम' म्हणतात: प्रॉडक्ट लाइफसायकल मॅनेजमेंट. वस्तूचं पहिलं ड्रॉइंग, त्यात झालेले बदल, ते कोणी आणि कधी मंजूर केले, हे सगळं ते सांभाळतं. खरेदी, साठा, उत्पादनाचं वेळापत्रक, बिलं आणि हिशेब पाहणारं ते 'ईआरपी'. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे बिल ऑफ मटेरियल, कारखान्याच्या बोलीत 'बॉम', म्हणजेच वस्तूत काय काय लागतं त्याची यादी.

ही यादी वाटते तितकी साधी नसते. एखादा पंप घ्या. डिझाइनवाल्याच्या बॉममध्ये केसिंग, इम्पेलर, शाफ्ट, बेअरिंग, सील असतं. प्रत्यक्ष पंप कारखान्यातून बाहेर पडतो तेव्हा त्याला रंग लागलेला असतो, बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं, तो लाकडी खोक्यात बसलेला असतो. यातलं बरंचसं डिझाइनवाल्याच्या यादीत नसतं. उत्पादनाच्या यादीत मात्र असावंच लागतं. या दोन याद्यांचा मेळ कोण घालणार आणि कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, हे खरेदीआधी ठरलं नाही तर पुढे दोन्हीकडे वेगवेगळे आकडे दिसू लागतात.

भोसरी, चाकण किंवा शिरोलीच्या एमआयडीसीतल्या तीस-चाळीस माणसांच्या कारखान्याला एअरबसचं दुखणं परकं वाटेल. पण तिथेही हे असं घडतं. ग्राहक ई-मेलने ड्रॉइंगचं 'रिव्हिजन सी' पाठवतो, त्यात एक भोक ८ ऐवजी साडेआठ मिलिमीटरचं झालेलं असतं. परचेसवाला घाईत व्हेंडरला व्हॉट्सअ‍ॅपवर आधीचीच पीडीएफ पाठवतो. मशीनशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात कूलंटचे डाग पडलेलं 'रिव्हिजन बी' लटकतच असतं. अख्खा लॉट रिजेक्ट होतो, आणि मग दोष कोणाचा यावर दुपार जाते.

असं झालं की मालक सॉफ्टवेअर शोधायला लागतो, आणि शोध सहसा ब्रँडपासून सुरू होतो: सीमेन्सचं 'टीमसेंटर', पीटीसीचं 'विंडचिल', दासोचं 'थ्रीडी-एक्सपीरियन्स', सॅप. यातल्या पहिल्या तिन्ही कंपन्यांची अभियंत्यांची मोठी केंद्रं पुण्यात आहेत. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं मुक्तस्रोत 'ईआरपी-नेक्स्ट'ही आहे. पण ब्रँडच्या आधी पाहायला हवं ते हे, की डिझाइन कोणाचं? ग्राहकाच्या ड्रॉइंगवर फक्त यंत्रण करून देणाऱ्याला मोठ्या पीएलएमची गरज क्वचितच असते. ड्रॉइंगचं चालू रिव्हिजन जॉब-ऑर्डरला जोडणारं साधं ईआरपी त्याला पुरतं. स्वतःची यंत्रं बनवणारा, एकाच यंत्राचे दहा प्रकार विकणारा असेल तर ड्रॉइंगची व्यवस्था आधी लावणंच सोयीचं. दोन-चार डिझायनर असतील तर कॅडच्या फाइली आणि रिव्हिजन सांभाळणारं छोटं 'पीडीएम'ही भागवतं.

बसवायचं कधी, हेही तितकंच मोलाचं. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने ११.२ कोटी डॉलर्स खर्चून नवी ईआरपी यंत्रणा घेतली आणि ती जुलै १९९९ मध्ये, हॅलोवीनच्या मोसमाच्या तोंडावर, एकदम चालू केली. चॉकलेटं होती, पण दुकानांच्या मागण्या वेळेवर भागेनात. त्या तिमाहीत नफा १९ टक्क्यांनी घसरला. जर्मनीची लिडल ही दुकानांची साखळी, उत्पादक नव्हे, तरी तिची गोष्ट कारखान्यांनाही लागू पडते. मालाचा हिशेब ती खरेदीच्या किमतीने ठेवायची. तिने घेतलेल्या सॅपच्या सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या किमतीवर होती. सवय सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरमध्येच बदल होत गेले. सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

आपल्याकडच्या कारखान्याने एक गोष्ट मुद्दाम तपासावी, ती म्हणजे जॉबवर्क, म्हणजेच बाहेरून करून घेतलेलं काम. प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला माल चलनावर जातो आणि जीएसटीच्या नियमानुसार तो एका वर्षात परत यावा लागतो. कोणाकडे किती नग बाकी आहेत, हे सॉफ्टवेअरला सांगता यायला हवं. करार संपला तर आपला सगळा डेटा, ड्रॉइंगच्या इतिहासासकट, कुठल्या स्वरूपात परत मिळेल हेही लिहून घ्यावं.

डेमोला विक्रेता स्वतःचा नमुना घेऊन येतो: मोजके भाग, नीटनेटकी नावं. मालकाने तो बाजूला ठेवून आपल्याच सर्वात जुन्या यंत्राचा बॉम पुढे करावा. त्यात हमखास एक बोल्ट निघतो, जो एका फाइलीत 'एम-८ बोल्ट', दुसरीत 'बोल्ट ८ एमएम', तिसरीत 'हेक्स बोल्ट ८ × ४०' असतो. मग स्टोअरवाल्याला बोलावणं धाडलं जातं. तो तिन्ही खणांतून एकेक बोल्ट आणून टेबलावर ठेवतो आणि खिशातलं कॅलिपर काढतो.