‘टक्’ कुठे राहतो?

मागच्या वेळी आपण संयोगावर बोलत होतो. दोन वस्तू जोडल्या की तो दोघींवर मिळून राहतो, एकटीवर नाही, असं वैशेषिक म्हणतात. आज तेच पुढे नेऊ, पण घरातल्या एका भानगडीवरून.

आम्ही रहाटणीत नखाते वस्तीजवळ राहतो. आमच्या सौ. पहाटे रियाझाला बसतात. त्यांचा तंबोरा मिरजेचा, चाळीस वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याचा भोपळा तडकला. दुरुस्त होईल, पण तोच आवाज येईल याची खात्री कारागीर देईना. भाच्यानं पूर्वी फोनवर केलेलं दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग तेवढं उरलं होतं. त्यातला तुकडा कापून आम्ही पुन्हा पुन्हा वाजत ठेवला. दर फेरीला ‘टक्’! तिसऱ्या दिवशी सौ.नी तो बंद केला. म्हणाल्या, “सा लावायचा सोडून मी त्या टक्‌ची वाट बघत बसते.”

आम्ही तुकडा उघडून शोधला. टक् कुठेच नाही! एकदाच वाजवला तर स्वच्छ. तो जन्मतो शेवट सुरुवातीला भेटतो तेव्हा. आवाज म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार. संगणक तो सेकंदाला बहुधा ४४,१०० वेळा मोजून आकडे लिहितो. शेवटचा आकडा वर आणि पहिला खाली असला, की रेषा तिथं एकदम उडी मारते. अशा उडीत खालच्या-वरच्या सगळ्याच कंपनांचा थोडाथोडा अंश असतो, म्हणून कानाला ठोका लागतो.

तयार ‘क्लिक काढा’ फिल्टर आम्ही लावून पाहिला. दोष तुकड्यात नाहीच, तर तो काढणार काय? उलट तारा छेडल्याची धार त्यानं बोथट केली.

मग ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये झेड दाबून दोन्ही टोकं शून्यावर आणली. उडी गेली, पण टक्‌चा ‘टुक्’ झाला. कारण नुसता आकडा जुळून भागत नाही, दिशाही जुळावी लागते. एक टोक चढत संपलं नि दुसरं उतरत सुरू झालं, तर सांध्यात कोपरा राहतो. शिवाय तंबोऱ्याच्या चार तारा, प्रत्येकीचे कितीतरी स्वर. सगळे एका क्षणी थोडेच शून्यावर येतात!

इथे बसलेले बरेच जण कारखान्यातून निवृत्त झालेत. मशीनच्या सपाट पट्ट्याची टोकं सरळ कापून समोरासमोर जोडली तर सांधा पुलीवर ठोका देतो; म्हणून टोकं तासून एकावर एक चढवतात. रेकॉर्डिंगची टेपसुद्धा ब्लेडनं तिरकी कापून जोडत, ती त्याचसाठी. संगणकावर याला क्रॉसफेड म्हणतात: एक आवाज उतरत जातो, दुसरा त्याच वेळी चढत येतो.

पण चढवायचं काय? इथं आम्ही चुकलो होतो. शेवटावर सुरुवात नाही चढवायची. मूळ रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीच्या लगेच आधी जे वाजत होतं, ते शेवटावर चढवायचं. म्हणजे शेवट विरत विरत त्या ‘आधी’त जातो आणि तिथून सुरुवात आपोआप येते, मुळात आली तशीच. आधीच्या तारांची आस ओळीनं पुढे चालू राहते. त्यासाठी तुकडा रेकॉर्डिंगच्या मधूनच घ्यावा. उतार किंचित वक्र ठेवावा, नाहीतर मध्ये आवाज खचतो.

टक् गेला तरी एक लचका उरला. पंचम, जोड, खर्ज अशी पुरी आवर्तनं मोजून घेतली होती, तरी. दोष जोडीत होता. जोडीच्या दोन तारा केसभर वेगळ्या लागल्या, की आवाज फुगतो, ओसरतो. हा डोल चार सेकंदांचा असेल तर तुकडा आठाचा किंवा बाराचा हवा. दहाचा घेतला तर डोल मध्येच तुटतो.

आणि हो, एमपी३मध्ये ठेवू नका. त्यात पुढे-मागे थोडी शांतता चिकटते, सगळी मेहनत वाया. वेव्ह ठेवा.

आता फेरी बिनबोभाट फिरते, सौ. पुन्हा बसतात. फक्त तुकड्यात शेजारच्या कुकरची पुसट शिट्टी आहे, ती दर फेरीला येते. ती सांध्यात नाही, रेकॉर्डिंगमध्येच आहे. तिच्यासाठी मात्र फिल्टर लागेल. भाचा रविवारी येणार आहे.