चित्र हलतंय, की आपले डोळे?

आज एक साधा प्रश्न. कॅनव्हासवरचा रंग वाळून पक्का झालाय, मग चित्र हलताना का दिसतं?

उदाहरण घेऊ ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीचं. १९६१ मध्ये त्यांनी ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे चित्र केलं. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. सगळ्यांची उंची सारखी, बदलते ती फक्त रुंदी. डावीकडून निघालात की चौकोन अरुंद होत जातात, मध्याच्या थोडं उजवीकडे अगदी काडीएवढे उरतात आणि पुढे परत रुंद होतात. बस, चित्रात एवढंच आहे.

पण आपल्याला दिसतो आत दुमडलेला पट, उघड्या पुस्तकाच्या मधल्या घडीसारखा. का? अर्धवट उघडं दार आठवा. वळलेली वस्तू अरुंद दिसते, हे मेंदूला सवयीचं आहे. म्हणून अरुंद चौकोन दिसले की तो तिथे खोली आहे असंच धरून चालतो. शिवाय टक लावून बघितलं तरी डोळे पूर्ण स्थिर नसतात, बारीक हलत राहतात. एरवी ते कळत नाही. काळ्या-पांढऱ्या कडा खेटून आल्या की जाणवायला लागतं.

म्हणजे ही नुसती फसवणूक नाही. डोळे रोजचंच काम करतायत, फक्त इथे ते पकडले जातात. चित्राचा अर्धा भाग भिंतीवर, अर्धा आपल्यात!

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरलं आणि ऑप आर्टची लाट आली. रायलींच्या चित्रांवरून, त्यांना न विचारता, कपडे निघाले. त्या चांगल्याच संतापल्या. साहजिक आहे. थांबून बघायची गोष्ट नुसती नक्षी होऊन बसली.

आता फोनचा मुद्दा. मूळ चित्र साधारण सव्वा मीटरचं, आपल्या हातात ते तळव्याएवढं. त्यात बारीक रेघांची चित्रं स्क्रीनच्या ठिपक्यांशी भांडतात आणि भलत्याच लहरी उमटतात. ओळखायचं कसं? झूम कमी-जास्त करा. जी लहर मध्येच गायब होते, ती बहुतेक स्क्रीनची. टिकते ती तुमच्या डोळ्यांची.

एक चित्र शोधा, पूर्ण मिनिटभर बघा. स्क्रोल नको! भेटू पुढच्या भागात.