तुमचं खातं भाड्याने द्यायचं नाही!

सारोळ्याहून रोज पुण्याला कॉलेजला येत असाल, तर पुणे-सातारा हायवे तुम्हाला पाठ असेल. हाच हायवे पुढे कोल्हापूरला जातो. ऑगस्ट 2018 मध्ये या दोन्ही शहरांची नावं एकाच गुन्ह्यात आली. पुण्यात बँकेच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली आणि कोल्हापुरातल्या एटीएममधून नोटा निघाल्या.

बँक होती कॉसमॉस, 1906 पासूनची पुण्याची सहकारी बँक. 11 ते 13 ऑगस्टदरम्यान तिचे 94 कोटींहून जास्त रुपये गेले. सुरुवात शनिवारी झाली, म्हणजे वीकेंड गाठूनच!

हे झालं कसं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा निरोप व्हिसा किंवा रुपेच्या नेटवर्कमधून बँकेच्या ‘स्विच’कडे जातो. स्विच तुमच्या खात्यात पैसे आहेत का ते विचारून घेतो आणि मगच ‘हो’ म्हणतो. चोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक खोटा स्विच बसवला. तो कुणालाच न विचारता प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणत राहिला. बनावट कार्डांवर 28 देशांत सुमारे 78 कोटी रुपये निघाले, भारतात अडीच कोटी.

सोमवारी दुसरा घाव बसला. ‘स्विफ्ट’ ही जगभरातल्या बँकांची निरोप पाठवायची यंत्रणा. तिच्यातून पैसे जात नाहीत, पैसे देण्याचे आदेश जातात. तिथून खोटे आदेश गेले आणि 13.92 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात जमा झाले. 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8.1 कोटी डॉलर असेच गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2019 च्या अहवालात कॉसमॉसच्या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

पण तुरुंगात कोण गेलं? एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 11 जणांना दोषी ठरवलं. हे सगळे इथलेच, बनावट कार्डांवर पैसे काढण्याच्या साखळीतले. कोड लिहिणारे मात्र परदेशात बसून मोकळेच राहिले.

म्हणूनच हे तुम्हाला सांगायचंय. चोरलेला पैसा फिरवायला खरी माणसं आणि खरी खाती लागतात. आता त्यासाठी थेट विद्यार्थ्यांनाच गाठतात. ‘पार्ट टाइम काम आहे, फक्त खातं वापरू दे, कमिशन घे,’ असा मेसेज टेलिग्रामवर येतो. कधी ओळखीचाच कुणी एटीएम कार्ड आणि सिम मागतो. अशा खात्याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं.

केवायसीला आधार तुमचं, पॅन तुमचं. त्यामुळे पोलिसही आधी तुमच्याच दारात येणार. खातं गोठणार आणि त्यात स्कॉलरशिपचे पैसे असतील तर तेही अडकणार.

तेव्हा कार्ड, पिन, ओटीपी, सिम कुणालाही देऊ नका, अगदी रूममेटलाही. खात्यात अनोळखी पैसे आले, तर ते परस्पर कुणाला पाठवू नका, आधी बँकेला कळवा. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.