तक्रार 'दप्तरी दाखल' झाली म्हणजे नेमके काय झाले? माहिती अधिकारात हे कागद मागा

तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या आपल्या माणसाला तोंडावर 'नाही' क्वचितच ऐकावे लागते. ठाणे अंमलदार अर्ज ठेवून घेतो, पोच म्हणून शिक्का मारून देतो आणि "साहेब आले की बघू" म्हणतो. पंधरा दिवसांनी विचारले तर "चौकशी सुरू आहे". दोन-तीन महिन्यांनी कळते की दोन्ही बाजूंना समज देण्यात आली आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. म्हणजे फाईल बंद. गुन्हा कधी नोंदलाच गेला नाही आणि तो का नोंदला नाही, हे कुणी लेखी सांगितलेही नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. आपण देतो ती फिर्याद असते. ठाण्यात तिची नोंद होते 'अर्ज' म्हणून. फिर्यादीवर एफआयआर होतो, त्याला क्रमांक मिळतो, तो न्यायालयापर्यंत जातो. अर्जावर फक्त चौकशी होते आणि तो ठाण्याच्या कपाटातच संपू शकतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. अशा प्रत्येक माहितीची नोंद ठाणे दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत झाली पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. ॲट्रॉसिटीच्या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट आहे. २० मार्च २०१८ चा निकाल, त्यानंतर २ एप्रिलचा भारत बंद आणि मग संसदेने घातलेले कलम १८-अ हे सगळे आपल्याला आठवत असेलच. या कलमानुसार ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये वैध ठरवले.

मग आपली तक्रार महिनोन्महिने 'चौकशीवर' होती, हे पोलिसांच्याच कागदावर सिद्ध झाले तर? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा आपल्यासाठी खरा उपयोग इथे आहे.

आमचे अनेक तरुण मित्र अर्जात लिहितात, "माझ्या तक्रारीवर कारवाई का केली नाही, याचा खुलासा करावा." त्याला उत्तर येते, "खुलासा माहितीच्या व्याख्येत बसत नाही." राग येतो, पण उत्तर नियमाला धरून असते. कायदा आपल्याला नोंदीत असलेली माहिती देतो, अधिकाऱ्याचे मत किंवा स्पष्टीकरण नव्हे. म्हणून 'का' विचारू नका, कागद मागा आणि तोही नाव घेऊन मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत बसवावा लागतो. नमुना असा:

"मी दि. ___ रोजी ___ पोलीस ठाण्यात दिलेल्या लेखी तक्रारीबाबत (आवक क्र. ___) पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: १) आवक नोंदवहीतील या तक्रारीची नोंद. २) तक्रार मिळाल्याबाबत ठाणे दैनंदिनीतील नोंद. ३) तक्रार ज्या अधिकाऱ्यांकडे चौकशीसाठी दिली त्यांची नावे, पदनाम व दिल्याच्या तारखा दर्शविणारी नोंद. ४) आजपर्यंतच्या सर्व टिपण्या, शेरे व वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार. ५) तक्रार निकाली काढली असल्यास चौकशी अहवाल व त्यास मंजुरी देणारा आदेश."

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. अर्ज तक्रारदाराने स्वतःच्या नावाने करावा. कार्यकर्त्याने परस्पर केला तर 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून तो फेटाळायला सोपे जाते. आणि मंडळाच्या लेटरहेडवर तर मुळीच नको, कारण हा अधिकार नागरिकाला आहे, संस्थेला नाही. गावात दबाव असेल तर ठाण्याच्या पायऱ्या चढण्याऐवजी अर्ज पोस्टाने पाठवा किंवा राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर करा.

तिसऱ्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्या. तक्रार कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, हे त्या नोंदीतून दिसते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे, पण तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे आणि आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. त्या चौकशीपुढे 'पोलिसांनी काहीच केले नाही' एवढे म्हणून भागत नाही. तारीख आणि नाव लागते.

आणखी एक अनुभव नेहमीचा. "तुम्ही तर बौद्ध, मग ॲट्रॉसिटी कशी लागेल?" हा प्रश्न अजूनही विचारला जातो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला, त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. ठाण्यात यावर वाद घालत बसू नका. जातीच्या दाखल्याची प्रत तक्रारीला जोडा आणि पोचेवर 'सोबत जातीचा दाखला' असे लिहून घ्या. पुढे चौकशी अहवालात हेच कारण लिहिलेले मिळाले, तर वरिष्ठांपुढे आणि न्यायालयात दाखवायला याहून चांगला कागद नाही.

उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. पोलिसांचे ठरलेले उत्तर म्हणजे कलम ८(१)(ज), तपासात अडथळा येईल. सरळ विचारा: एफआयआर नोंदवला आहे का? असेल तर त्याची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायचीच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(२) तेच सांगते. नसेल, तर अडथळा येतो आहे तो कोणत्या तपासाला? तपास खरोखर सुरू असला तरी नुसते 'तपास सुरू आहे' म्हणणे पुरत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटले आहे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावर आहे. हे मुद्दे पहिल्या अपिलात लिहा. अपील नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह करायचे. साक्षीदारांची नावे आणि जबाब मात्र मागू नका. ते नाकारले जातात आणि आपल्याच साक्षीदारांच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. दुसरे अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. तिथे फार वाट पाहावी लागते, म्हणून पहिले अपीलच भक्कम करा.

माहिती अधिकाराने एफआयआर होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. तीस दिवस उत्तराची वाट पाहत थांबू नका. ठाण्यात दाद लागली नाही तर कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायालयाचा रस्ता आहे. माहिती अर्ज त्याच्या जोडीने चालू द्या.

कार्यकर्त्यांनी स्वतःच्या नावाने करण्यासारखा अर्ज वेगळा आहे. ॲट्रॉसिटी नियमांच्या नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. समाज कल्याणच्या जिल्हा कार्यालयाकडे गेल्या दोन वर्षांतील बैठकांच्या तारखा, इतिवृत्ते आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र न गेलेल्या प्रकरणांची संख्या मागा. यात कुणाचीही वैयक्तिक माहिती नाही, त्यामुळे नाकारायला कारण उरत नाही. दोन वर्षांत आठ बैठका व्हायला हव्यात. किती झाल्या, ते मोजा.

ठाण्यात मारहाण, शिवीगाळ झाली किंवा तक्रार घ्यायलाच नकार दिला, तर सीसीटीव्ही फूटेजसाठी घाई करा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचे आणि फूटेज अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपण्याचे आदेश दिले. तरीही महिनाभराने मागितले की 'फूटेज उपलब्ध नाही' असे उत्तर येऊ शकते. म्हणून त्याच आठवड्यात पोलीस अधीक्षकांना साधे पत्र द्या: अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेतील ठाणे अंमलदार कक्षाचे फूटेज जपून ठेवावे. त्याची पोच घ्या आणि माहिती अर्जाला जोडा. वेळ आठवत नसेल तर ज्या रिक्षाने गेलात त्या रिक्षावाल्याला विचारा, मोबाइलमधले कॉल बघा. तासाभराची मर्यादा दिली की 'माहिती फार विस्तृत आहे' असे म्हणता येत नाही.