नंबर दाबला, कॉल कुठे गेला? गेटवेच्या नियमांविषयीचे गैरसमज

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, मार्शल इथल्या एका मोटेलात कॅरी हंट यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ हा आपत्कालीन नंबर लावला. एकदाही लागला नाही, कारण बाहेरच्या लाईनसाठी आधी ९ दाबावा लागत असे आणि ते तिला ठाऊक नव्हतं. पुढे त्यांच्या नावाने कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर अमेरिकेत बसवलेल्या अशा फोनयंत्रणांवर ९११ थेट लागलाच पाहिजे, अशी सक्ती आली.

अशी चूक फोनयंत्रणेच्या नियमांत असते. इंटरनेटवरचे कॉल आणि टेलिफोन कंपनीची लाईन यांना व्हॉइप गेटवे जोडतो. कोणता नंबर कोणत्या वाटेने न्यायचा, हे त्यातले राउटिंगचे नियम ठरवतात. शाळा, इस्पितळ, लॉज, कारखाना, कुठेही हे नियम लिहिताना पुढच्या समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १: ११२ या भारतातल्या आपत्कालीन नंबरचा नियम लिहिला की ११२ लागणारच.

वस्तुस्थिती: सिस्कोच्या गेटवेत टेलिफोन लाईनकडे जाणारा डायल-पीअर (म्हणजे एका वाटेचा नियम), पॅटर्नमधल्या आकड्यांशी जुळलेले आकडे गाळतो आणि उरलेलेच पुढे पाठवतो. बाहेरची लाईन घेण्यासाठी दाबलेला ० आपोआप गळतो तो यामुळेच. पण पॅटर्न नुसता ‘११२’ असेल, तर तिन्ही आकडे गळतात आणि लाईनवर काहीच जात नाही. तिथे ‘फॉरवर्ड-डिजिट्स ऑल’सारखी सूचना द्यावीच लागते. सिप ट्रंककडे, म्हणजे इंटरनेटवरून कॉल नेणाऱ्या जोडणीकडे, जाणारा पीअर मात्र आपणहून आकडे गाळत नाही. तिथे ०११२ दाबलं तर ०११२च जातं. घाबरलेला माणूस सवयीने आधी ० दाबेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून ११२ आणि ०११२ या दोन्हींसाठी नियम ठेवावेत आणि दोन्हींतून बाहेर ११२ जाईल असं पाहावं.

गैरसमज २: एक्सटेन्शन नंबर सोयीनुसार कसेही द्यावेत.

वस्तुस्थिती: १०० पासून १९९ पर्यंतचे नंबर वाटले, की १०० (पोलीस), १०१ (अग्निशमन), १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ त्यात अडकतात. मग १०८ दाबल्यावर रुग्णवाहिकेऐवजी स्टोअरमधला फोन वाजू शकतो. एक्सटेन्शन २०० च्या पुढे सुरू केल्या तर हा गोंधळ मुळातच टळतो.

गैरसमज ३: गेटवे नियम नेहमी वरून खाली वाचतो.

वस्तुस्थिती: हे यंत्रावर अवलंबून आहे. ऑडिओकोड्सच्या राउटिंग तक्त्यात वरून पहिला जुळणारा नियम लागू होतो. सिस्कोत जास्तीत जास्त आकडे नेमके जुळणारा पॅटर्न निवडला जातो. बरोबरी झाली तर प्रेफरन्स बघितला जातो आणि तिथे लहान आकडा आधी. ॲस्टरिस्कमध्येही एकाच कॉन्टेक्स्टमधला अधिक नेमका पॅटर्न जिंकतो, तो फाईलमध्ये कितव्या ओळीवर आहे याला महत्त्व नाही. म्हणून एका यंत्रावरचे नियम जसेच्या तसे दुसऱ्यावर उतरवू नयेत.

गैरसमज ४: नीट चाललेल्या नियमांना हात लावायची गरज नाही.

वस्तुस्थिती: १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी ० लावावा लागतो. जिथे बाहेरच्या लाईनसाठीही ० आहे, तिथे आता दोन शून्यं दाबली जातात. ‘००’ने सुरू होणारा प्रत्येक नंबर आयएसडी समजून अडवला असेल, तर साधा मोबाईल कॉलही अडकतो. नंबरांची पद्धत बदलली, की नियमही बदलायला हवेत.

गैरसमज ५: पर्यायी वाट दिली की खंड पडत नाही.

वस्तुस्थिती: २००२ च्या सिप मानकानुसार, यूडीपीवरून समोरून काहीच उत्तर आलं नाही तर कॉलची विनंती पुन्हा पुन्हा पाठवली जाते आणि मूळ वेळमर्यादा तशीच ठेवली तर हार मानायला ३२ सेकंद लागतात. इतका वेळ रिसीव्हर कानाला लावून कोण थांबेल? ट्रंक जिवंत आहे का, हे ठरावीक वेळाने ‘ऑप्शन्स’ संदेश पाठवून तपासत राहिलं, तर मेलेली वाट कॉल येण्याआधीच बाजूला पडते.

गैरसमज ६: कुठल्याच नियमात न बसणारा नंबर बाहेर सोडून द्यावा.

वस्तुस्थिती: फसवणूक करणाऱ्यांना हेच हवं असतं. ते इंटरनेटवर ५०६० हे पोर्ट उघडं असलेले गेटवे शोधतात, त्यांतून परदेशातले महागडे नंबर लावतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. बाहेरून येणाऱ्या कॉलला बाहेर जाणाऱ्या वाटा दिसताच कामा नयेत. ट्रंकचे आयपी पत्ते नेमून द्यावेत, आयएसडी गरजेपुरतंच उघडावं आणि बाकी सगळं नाकारावं.

नियम लिहून झाले, की सिस्कोत ‘शो डायलप्लॅन नंबर’ आणि ॲस्टरिस्कमध्ये ‘डायलप्लॅन शो’ ही आज्ञा देऊन एकेक नंबर तपासा. मदत केंद्राला विनाकारण फोन न करता ११२ चा नियमही असा बघता येतो. त्यानंतर लाईनवर प्रत्यक्ष कोणते आकडे गेले, हे लॉगमध्ये पाहा. अनेक शाखांचे कॉल एकाच ट्रंकने बाहेर पडत असतील, तर ११२ मात्र त्या त्या गावच्या लाईनवरूनच सोडा. नाहीतर नागपूरच्या शाखेतून केलेल्या कॉलला मदत केंद्रात मुंबईच्या लाईनचा पत्ता दिसू शकतो. हे काम यंत्र लावणाऱ्याचं आहे. संकटात फोन उचलणाऱ्यावर ते सोडता येत नाही.