जग्वारच्या इंजिनाची नवी घडण

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानांचा मारा चालू असताना तेथील मोटार कारखान्यात रात्री आगीचा पहारा देण्याच्या पाळ्या ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांत विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे अभियंते होते. आणि कंपनीचे मालक विल्यम लायन्स यांच्यासह त्यांनी त्या जागरणांत जी मसलत केली, तिचे फळ म्हणजे 1948 च्या ऑक्टोबरात लंडनच्या मोटार प्रदर्शनात एक्सके 120 या गाडीतून लोकांपुढे आलेले जग्वारचे एक्सके इंजिन. एका रांगेत सहा सिलिंडर, वर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट, आणि 3442 घन सेंटिमीटरची क्षमता असे त्याचे मूळ स्वरूप होते. हे इंजिन योजिले गेले होते ते ऐसपैस, ऐषआरामी सलून गाडीसाठी, आणि 1950 साली मार्क सेव्हन या गाडीत ते तसे बसलेही. परंतु त्याच इंजिनाने 1951 आणि 1953 साली सी-टाइप गाडीला, व 1955 पासून लागोपाठ तीन वर्षे डी-टाइप गाडीला ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकून दिली. डेमलर लिमोझिनमधून ते अखेरचे बाहेर पडले 1992 साली. एवढ्या दीर्घ कारकिर्दीचे इंजिन आजही हौशी मालकांना आणि कुशल कारागिरांना खुणावत असेल, तर त्यात नवल नाही.

सी-टाइपच्या मूळ गाड्या बनल्या पन्नासच्या आसपास, आणि त्यांची किंमत आता सामान्य श्रीमंताच्याही आवाक्याबाहेर गेली आहे. म्हणून इंग्लंडात आणि इतरत्र असे कारखाने उभे राहिले आहेत, की जेथे मालकाच्या फर्माइशीप्रमाणे सी-टाइपची प्रतिकृती बांधून दिली जाते. आणि तिच्यात बसवायचे इंजिन बहुधा मोडीत निघालेल्या एक्सजे-6 या सलून गाडीतून काढलेले, म्हणजे त्याच घराण्यातले, 4.2 लिटरचे असते. राजेशाही गाडीत मऊसूत, संथ ओढ देण्यासाठी बांधलेल्या या इंजिनाला शर्यतीच्या हलक्या गाडीत बसण्यायोग्य करणे, हे काम वरवर पाहता कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटर बदलण्याचे वाटते. प्रत्यक्षात ते मोजमापाचे काम आहे, आणि एक गोष्ट बदलली की तिच्या मागोमाग दहा गोष्टींचा हिशेब द्यावा लागतो, हे ज्याला मान्य नाही त्याने या कामाला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम इंजिन पूर्ण खोलावे लागते. क्रँकशाफ्टच्या पोटातून तेलाचे मार्ग जातात आणि त्यांच्या तोंडांना आट्यांची बुचे असतात. ती काढून आत वर्षानुवर्षे साचलेला चिकट गाळ खरवडून काढला नाही, तर नव्या बेअरिंगांवर तोच गाळ जाऊन बसतो. पाण्याच्या मार्गांतही गंज आणि गाळ साठलेला असतो. त्यानंतर ब्लॉक तपासायचा. 1964 साली जग्वारने या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 92.07 मिलिमीटरपर्यंत वाढवला, तेव्हा तेवढ्याच लांबीच्या ब्लॉकमध्ये जागा करण्यासाठी सिलिंडरांची अंतरे बदलावी लागली, आणि दोन सिलिंडरांमधला धातू इतका कमी उरला, की जुन्या ब्लॉकमध्ये नेमक्या तेथे चिरा आढळतात. गंमत अशी, की सिलिंडर सरकले तरी हेडची मांडणी पूर्वीचीच राहिली, त्यामुळे 4.2 लिटरच्या इंजिनात ज्वलनकक्षाचा मध्य आणि सिलिंडरचा मध्य एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. खुद्द कंपनीने पत्करलेली ही तडजोड आहे, आणि ती ध्यानात ठेवूनच पुढचे काम करायचे असते.

आपल्याकडेही गॅरेजमध्ये इंजिनचे काम काढले म्हणजे बोअर करून मोठे पिस्टन घालण्याची चर्चा आधी होते, आणि त्यामुळे ताकद बरीच वाढते असा समज आहे. हिशेब करून पाहावा. सिलिंडरचा व्यास इंचाच्या तीस हजारांशाने, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढवला, तर 4235 घन सेंटिमीटरचे इंजिन जेमतेम 4305 घन सेंटिमीटरचे होते. वाढ दोन टक्केसुद्धा नाही. बोअर करायचा तो झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ करण्यासाठी. खरी वाढ येते ती श्वासोच्छ्वासातून. 1948 साली जे 3442 घन सेंटिमीटरचे इंजिन 160 अश्वशक्ती देत होते, तेच 1953 च्या ल मान्समध्ये, क्षमता तीळभरही न वाढवता, सुमारे 220 अश्वशक्ती देऊ लागले. कॅम असे बदलले की व्हॉल्व अधिक उचलले जावेत, हवेचे मार्ग सुधारले, आणि तीन वेबर कार्ब्युरेटर बसवले. हवा आत येण्यास आणि जळका वायू बाहेर पडण्यास वाट मोकळी झाली, एवढेच त्यामागचे रहस्य.

संपीडनाचे काम त्याहून नाजूक. 4.2 लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरमागे सुमारे 706 घन सेंटिमीटर जागा पिस्टन व्यापतो. संपीडन आठास एक या प्रमाणावरून नवास एक करायचे, तर पिस्टनच्या वर उरणारी मोकळी जागा सुमारे 101 घन सेंटिमीटरवरून 88 वर आणावी लागते, म्हणजे सगळा फरक साडेबारा घन सेंटिमीटरचा! म्हणून कारागीर हेड उलटे ठेवतो, ज्वलनकक्षावर भोक पाडलेली पारदर्शक तबकडी ग्रीसने चिकटवतो, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब पातळ तेल सोडून सहाही कक्षांचे आकारमान मोजतो. जो कक्ष लहान भरेल तो घासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणतो. संपीडन वाढवण्यासाठी हेड रंधले गेले, तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांतील अंतर कमी होऊन साखळी सैल पडते आणि व्हॉल्व उघडण्याची वेळ मागे पडते. ती पुन्हा साधण्यासाठी कॅमच्या चक्रावर बारीक दात्यांची फिरवता येणारी चकती देण्याची दूरदृष्टी मूळ रचनाकारांनी दाखवली होती.

फेऱ्या वाढवण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. पिस्टनचा प्रवास येथे 106 मिलिमीटरचा, म्हणजे बराच लांब आहे. मिनिटाला 5500 फेऱ्यांवर त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटर होतो. कनेक्टिंग रॉडवर पडणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 5000 च्या जागी 6000 फेऱ्या घेतल्या, तर वेग पाचव्या हिश्शाने वाढतो आणि ताण 44 टक्क्यांनी. यास्तव रॉडची चुंबकीय पद्धतीने चिरांसाठी तपासणी, रॉडचे नवे बोल्ट आणि फिरत्या भागांचे काळजीपूर्वक बॅलन्सिंग, यांत काटकसर करण्याची मुभा कोणालाच नाही.

माझ्या मते या इंजिनाच्या कारागिराची खरी कसोटी लागते ती टॅपेटच्या अंतरात. पुष्कळ इंजिनांत हे अंतर स्क्रू फिरवून जुळवता येते. येथे मात्र कॅम आणि व्हॉल्व यांच्यामधल्या टोपीखाली धातूची एक छोटी चकती असते, आणि अशा चकत्या इंचाच्या एकेका हजारांशाच्या फरकाने मिळतात. आत घेणाऱ्या व्हॉल्वला इंचाचे चार हजारांश, बाहेर टाकणाऱ्याला सहा. फीलर गेजची पाती कॅमखाली सरकवून बाराही अंतरे कागदावर उतरवायची, कॅमशाफ्ट काढायचा, हिशेबाने चकत्या बदलायच्या, कॅमशाफ्ट पुन्हा बसवायचा आणि पुन्हा मोजायचे. पाती किंचित अडत, रेशमी धाग्यासारखी सरकली, की ते अंतर साधले. या कामाला घाई सोसत नाही.

आता या विषयातला माझा आग्रह. जग्वारच्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो, आणि त्याच्या शेवटचा आठ किंवा नऊ हा अंक संपीडनाचे प्रमाण सांगतो. कोणत्या गाडीत मूळचे कोणते इंजिन होते, याचा दाखला जुन्या दप्तरावरून जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट देतो. ज्या जुन्या गाडीत तिच्या जन्मापासूनचे इंजिन शाबूत आहे, तिच्या मालकाने ताकदीच्या हौसेपायी त्या इंजिनावर कानस चालवू नये. ते तेल लावून, झाकून बाजूला ठेवावे, आणि सारे प्रयोग एक्सजे-6 मधून निघालेल्या दुसऱ्या इंजिनावर करावेत. तशी इंजिने अजून मिळतात.