बाळाला सांभाळणारी बाई बदलताना

दसरा-दिवाळी उलटली की आपल्या हिंगोली जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मग एखाद्या नोकरदार घरात प्रश्न उभा राहतो : बाळाची मावशी गेली, आता काय?

असेच एक शिक्षक दांपत्य दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन माझ्याकडे आले. जुनी मावशी रविवारी गेली, नवी सोमवारी आली. बाळ दोन दिवस सारखे रडले आणि तिसऱ्या दिवशी दुपारपासून गुंगीत. विचारपूस केल्यावर कळले, ते शांत झोपावे म्हणून नव्या बाईने फडताळातले सर्दीचे औषध दोन चमचे पाजले होते. बाळाला रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले. सकाळी ते दूध प्याले, तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला. बाई चुकली खरी. पण बाटली घरातलीच होती, आणि काय द्यायचे नाही हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

ही खोड जुनी आहे. एकेकाळी मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवीत. सर्दीच्या काही औषधांनीही गुंगी येते, लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो. सर्दीचे एक प्रचलित मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्यास केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ साली सांगितले आहे.

साधारण आठव्या महिन्यापासून बाळ परके माणूस ओळखून रडते. हा हट्ट नव्हे, वाढीचा टप्पा आहे. म्हणून पालकांनी एवढे करावे :

१) जुन्या व नव्या बाईंना चार-आठ दिवस एकत्र ठेवावे. ते जमत नसेल तर आईने किंवा वडिलांनी रजा घ्यावी.

२) बाईंना दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

३) घरातली औषधे कुलपात ठेवावीत.

४) साबणाने हात धुणे, वाटी-चमच्याने भरवणे स्वतः करून दाखवावे.

५) चौदा वर्षांखालील मुलीला कामावर ठेवू नये. तो गुन्हा आहे, आणि तीही लेकरूच आहे.

शेवटचे व महत्त्वाचे. पहिल्याच दिवशी बाईंना सांगा, "मावशी, बाळ रडले तर फोन करा, आम्ही रागावणार नाही." बोलणी खाण्याची धास्ती असली की हात बाटलीकडे जातो. रडणारे बाळ परवडते, गुंगीतले नाही.